दिवाडीवरचं जुनं घर: विसार देण्याआधी वारसांच्या बायकांची नावं लिहून घ्या

तुम्ही लिहिलंय, पणजीतला भाड्याचा फ्लॅट सोडून मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जुनं घर घ्यायचं ठरलंय. घर चार भावंडांचं, थोरले भाऊ तिथेच राहतात, आणि दलाल म्हणतो, "वारशाचे कागद मागाहून होतील, आधी विसार देऊन साठेखत करून टाका." हे वाचून गप्प बसवेना. आठ वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत.

झोन, सनद, कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा) हे सगळं तुमचा वकील बघेलच, त्यावर लिहीत बसत नाही. मी वकील नाही. जे भोगलं तेवढंच सांगतो. तुमचे कागद वेगळे असू शकतात.

माझी चूक एकच. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे इथल्या सातबाऱ्यावर, नावं दिसली, घरपट्टीची पावती दिसली, आणि मी सहा लाख विसार देऊन मोकळा झालो. एक-चौदा म्हणजे मालकी नव्हे. तो महसुलाचा कागद. मालकीचा धागा पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीपासून जुळवत आणावा लागतो, आणि आमच्या घराची शेवटची नोंद विकणाऱ्यांच्या आजोबांच्या नावावर होती. त्यांच्यानंतरची कुठलीच वाटणी कागदावर नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट मला लग्नाची पंचवीस वर्षं गोव्यात काढूनही नीट उमगली नव्हती. इथल्या दिवाणी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, आणि त्यात वारशाने आलेलंही येतं. म्हणजे चार भावंडं म्हणजे चार सह्या नव्हेत, आठ सह्या. आमच्या घरातल्या तिसऱ्या भावाची बायको बरीच वर्षं वेगळी राहत होती, लिस्बनला. घटस्फोट नव्हता. दलालाने तिचा विषयच काढला नव्हता. थोरल्या भावाने काढला, तोही साठेखत झाल्यावर, अंगणात खुर्ची टाकून चहा देता देता. "वहिनींची सही लागेल म्हणतात, बघू कसं काय ते." सहा लाख तोवर गेले होते.

वहिनींनी सही दिली, माणूस म्हणून त्या चांगल्या निघाल्या. खरे हाल झाले एका कार्यालयात. नाव लिहीत नाही. आजोबांचं नाव शंकर. पोर्तुगीज दप्तरात ते एक्स अक्षरापासून लिहिलंय, तिथे 'श' तसाच लिहायचे. मृत्यूच्या दाखल्यावर एस. खिडकीपलीकडच्या माणसाने जुन्या नोंदीच्या नकलेवर बोट ठेवलं, मग दाखल्यावर ठेवलं, आणि म्हणाला, "हा वेगळा माणूस आहे." गोव्यातल्या निम्म्या हिंदू घरांच्या कागदांत ही तफावत असेल, आणि तिथे रोज बसणाऱ्याला ती ठाऊक नसेल असं मी मानत नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नेलं, तर ते भावाने नव्हे, सगळ्या वारसांनी करायला हवं. ते नेलं, तर साहेब रजेवर. पुढच्या वेळी नक्कल जुनी झाली म्हणून नवी आणा. काय काय लागेल ते एकदाच कागदावर लिहून द्या, एवढीच माझी विनंती होती. सात खेपांत ती कुणी मानली नाही. चौदा महिने गेले, बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपली, आणि फ्लॅटचं भाडं चालूच होतं. आजही तो जिना आठवला की डोकं तापतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: वारस ठरवणारं डीड विशेष नोटरीसमोर (इथे तो सरकारी अधिकारी असतो) झालेलं असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. सगळे वारस जोडीदारांसह सही करायला तयार असतील तर बहुधा तेवढ्यावर भागतं. एक जरी अडला, तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी करण्याचा, दावा पूर्ण होऊन कोणाच्या वाट्याला काय आलं ते ठरेपर्यंत थांबा, किंवा सरळ दुसरं घर बघा. माणसं कितीही गोड असोत. कोणी परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. आमचं पहिलं ह्यातच वाया गेलं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. घर बघायला रविवारी संध्याकाळी जाऊ नका. जुलैतल्या सोमवारी सकाळी दिवाडीहून रायबंदरच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभे राहा, मग ठरवा. दिवाडीला पूल नाही. डागडुजीचे चिरे, वाळू, सगळं फेरीवरून येतं, आणि त्या ट्रकचं भाडं कंत्राटदार तुमच्याच माथी मारतो. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघा, मचूळ लागलं तर टाकीचा खर्च धरा. आणि घरामागे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, असेल तर तिथे कधीतरी खोली काढू हा विचार आत्ताच सोडा. बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) शाबूत आहे का, एवढं मात्र शेजाऱ्यांना विचारा, कारण बांध फुटला की खारं पाणी आत येतं.

राहायला बेट सुंदर आहे, ह्यात मला काडीचीही शंका नाही. आम्ही नार्व्याच्या बाजूला आहोत. फेरीने पलीकडे गेलं की सप्तकोटेश्वर. तो देव मूळचा दिवाडीचाच, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नार्व्याला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आई दर सोमवारी जाते, पंचाहत्तराव्या वर्षी, एकटी. पणजीत ती एकटी रस्तासुद्धा ओलांडत नसे.

चारही भावंडांची लग्नं कुठे नोंदली आहेत आणि कोणाचा जोडीदार सध्या कुठे आहे, हे थोरल्या भावांना ह्याच आठवड्यात विचारा. उत्तर काय येतं ते इथे कळवा.