नवी मुंबईतले धारण तलाव बुजवून तिथे पार्किंग आणि बस डेपो का करत नाहीत?

तलावांत नुसता गाळ आणि डास, मग ती जागा गाड्यांना द्यायला काय हरकत, असं तुम्ही विचारलंय. हरकत मोठी आहे. ते तलाव बुजवले तर पहिल्याच जोरदार पावसात बसच रस्त्यात अडकेल.

वाशी, बेलापूरसारख्या नोडांतला, म्हणजे शहराच्या आखलेल्या विभागांतला, काही भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, डच पद्धत घेतली. भरती चढली की तलाव आणि खाडी यांच्यामधल्या झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात. तेवढ्या वेळात पाऊस पडला, तर शहराचं आणि पारसिकच्या डोंगरावरून आलेलं पाणी धारण तलावात थांबतं. ओहोटी लागली, खाडी उतरली की झडपा उघडतात आणि पाणी निघून जातं. पंपाविना चालणारी ही सोय आहे. तलावात जागा नसेल, तर तेच पाणी रस्त्यांवर आणि स्टेशनांच्या सबवेत येणार.

हवामानबदलाचा फटका इथे दुहेरी बसतो. समुद्राची पातळी वाढेल तशा झडपा जास्त वेळ बंद राहतील, आणि त्या वेळात पडणारा पाऊसही आता जास्त जोराचा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तसा पाऊस भरतीच्या वेळी इथे कोसळला तर काय होईल, हे मनात आणून बघा. म्हणजे तलाव आणखी खोल हवेत, आणि आपण ते बुजवायचं बोलतोय.

गाळाबद्दल मात्र तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. वर्षानुवर्षं न उपसल्याने काही तलावांत कांदळवन वाढलं, आणि ते उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तरी जिथे कांदळवन नाही तिथला गाळ काढणं आणि झडपा दुरुस्त ठेवणं यात कसलीच अडचण नाही. पाणी रोज खेळतं राहिलं तर डासही कमी होतात.

आता पार्किंगचं. हे शहर मुळात स्टेशनांभोवती आखलेलं आहे. १९९२ मध्ये लोकल वाशीला आली, त्या मार्गाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, तो लोकांना रोज गाडी काढावी लागू नये म्हणूनच ना? स्टेशनांबाहेर मोकळी जागा भरपूर आहे, पण दिवसभर उभ्या गाड्यांनी ती अडवलेली असते. तिथल्या पार्किंगला नीट दर लावा, मोकळी होणारी जागा एनएमएमटीला, म्हणजे महापालिकेच्या बससेवेला, द्या आणि लोकलच्या वेळा धरून सेक्टरांत बस फिरवा. मेट्रोलाही, २०२३ पासून धावणाऱ्या बेलापूर-पेंधरला, अशाच जोडबसची गरज आहे.

विकास आराखड्यातलं एखाद्या जागेचं आरक्षण, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलायचं तर कायद्याने हरकती-सूचना मागवाव्या लागतात. एखाद्या तलावाबद्दल तशी जाहिरात दिसली, तर मुदतीच्या आत लेखी हरकत नक्की नोंदवा.