जंतुनाशक प्लास्टिकचे क्रेट धुवावे लागतील का?

आपण सावद्याहून विचारले आहे की, क्रेट ज्यापासून साचतात त्या प्लास्टिकच्या दाण्यातच चांदीयुक्त जंतुनाशक मिसळले, तर भाजीपाल्याचे क्रेट प्रत्येक फेरीनंतर धुण्याचा खर्च वाचेल का. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत साचेकामात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे उत्तर असे की, धुणे वाचणार नाही, आणि वाचेल असे सांगून क्रेट विकूही नयेत.

मिसळलेल्या द्रव्याचा बहुतांश भाग क्रेटच्या भिंतीच्या आतच अडकून राहतो. पृष्ठभागाजवळचा थोडा अंश तेवढा ओलाव्यात चांदीचे आयन सोडतो. त्यावर केळीचा चीक, माती किंवा कुजलेल्या पालेभाजीचा थर बसला की जंतू त्या थरातच वाढतात आणि प्लास्टिकशी त्यांचा संबंधच येत नाही. ‘९९.९ टक्के जंतू मरतात’ हा दावा बहुधा आयएसओ २२१९६ चाचणीवर आधारलेला असतो. तीत स्वच्छ तुकड्यावर जंतूंचा द्रव ठेवून वर पातळ फिल्म झाकतात आणि दमट वातावरणात, ३५ अंशांना २४ तास ठेवतात. आपला क्रेट मात्र वैशाखात पाहता पाहता कोरडा होतो.

पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूसाठी मला एन-हॅलामाइन संयुगे अधिक आशादायक वाटतात. त्यांत क्लोरीन नायट्रोजनला बांधलेला असतो. जंतूचा स्पर्श झाला की तो त्याच्या प्रथिनांवर घाव घालतो आणि खर्च होतो, पण क्रेट सौम्य ब्लीचच्या पाण्यात बुडवला की रिकामी झालेली जागा पुन्हा भरते. अडचण अशी की पॉलिथिलीन, म्हणजे क्रेटचे प्लास्टिक, रासायनिकदृष्ट्या उदासीन असल्याने हे संयुग त्यावर सहज धरत नाही. ते पृष्ठभागावर कलमासारखे बंधाने जोडावे लागते, आणि खरे संशोधन तिथेच आहे. शिवाय कडक उन्हात हा क्लोरीन कमी होतो आणि चिकट मळही तो खाऊन टाकतो. म्हणून आधी साबणाने धुणे, मग ब्लीच, हाच क्रम राहील. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

नमुना बनवलात, तर तो नवा असताना तपासून थांबू नका. चीक लावून, उन्हात ठेवून, पन्नास वेळा धुऊन मग उरलेला क्लोरीन मोजा. पोटॅशियम आयोडाइड आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) यांचे साधे अनुमापन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होते. अन्नात काय उतरते, तेही तपासून घ्या: एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून होणाऱ्या एकूण स्थलांतराची मर्यादा अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे.