दीक्षा एकाची, शिकवण दुसऱ्याची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमचं घर वारकरी, मी कॉलेजात असतानाच गावच्या महाराजांच्या हातून पंढरपुरात तुळशीची माळ घातली. आता नोकरीमुळे पुण्यात असतो आणि बरेच दिवस इस्कॉनच्या मंदिरात जातोय. तिथे एक प्रभुजी आहेत, गृहस्थ आहेत, त्यांनीच मला जप शिकवला, गीता समजावली, अडलं की रात्री फोन केला तरी उचलतात. पण ते दीक्षा देत नाहीत, दीक्षा दुसऱ्या संन्यासी महाराजांकडून घ्यायची, ज्यांना मी फक्त प्रवचनात लांबून बघितलंय. मग माझा गुरू नक्की कोण? आणि घरचे म्हणतात माळ असताना परत गुरू करणं म्हणजे पहिल्याशी बेइमानी. खूप कन्फ्युजन झालंय.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दादा, हे कन्फ्युजन तुमचं एकट्याचं नाही, गौडीय परंपरेत, म्हणजे बंगालच्या चैतन्य महाप्रभूंच्या ज्या वैष्णव परंपरेत इस्कॉन येतं तिच्यात, ते चारशे वर्षं चाललंय. तिथे दोन गुरू सरळ वेगळे धरतात. मंत्र देतो तो दीक्षागुरू, तो एकच. भजन कसं करायचं, ग्रंथ कसा वाचायचा हे शिकवतो तो शिक्षागुरू, आणि ते कितीही असू शकतात. वृंदावनात राहून या परंपरेचे ग्रंथ लिहिणाऱ्या जीव गोस्वामींनी हे नीट मांडून ठेवलंय. चैतन्यचरितामृत हे महाप्रभूंचं चरित्र लिहिणारे कृष्णदास कविराज तर सुरुवातीलाच वृंदावनातले सहा गोस्वामी रूप, सनातन, रघुनाथ भट्ट, जीव, गोपाळ भट्ट आणि रघुनाथ दास अशी सहा नावं घेऊन सांगतात की हे माझे शिक्षागुरू. आणि गंमत म्हणजे त्यांचा दीक्षागुरू कोण यावर अभ्यासक अजून वाद घालतायत!

आता तुमच्यासारखीच केस बघा. श्रीनिवास, नरोत्तम आणि श्यामानंद हे तिघे वृंदावनात जीव गोस्वामींकडे शिकले. दीक्षा मात्र तिघांची तीन ठिकाणची, श्रीनिवासांची गोपाळ भट्टांकडून, नरोत्तमांची लोकनाथ गोस्वामींकडून, आणि श्यामानंदांची बंगालात अंबिका काळना इथल्या हृदयचैतन्यांकडून. या हृदयचैतन्यांनी स्वतःच पोराला शिकायला वृंदावनात पाठवलं होतं, आणि पुढे पोराने कपाळावरचा टिळा बदलला असं कळल्यावर तेच भडकले, की जीवने माझा शिष्य पळवला म्हणून. चरित्रांत हे प्रकरण मिटवायला राधाराणीच्या नूपुराची चमत्काराची गोष्ट येते, ती मानायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शेवट बघण्यासारखा आहे. श्यामानंद टिळा नवा ठेवूनही हृदयचैतन्यांचेच शिष्य राहिले, आणि जीवांकडचं शिक्षणही सुटलं नाही. म्हणजे तुमच्या घरी जे चाललंय ते तेव्हाही झालेलं, फक्त मोठ्या माणसांत.

तुम्ही ज्या मंदिरात जाता त्या शाखेत तर शिकवणुकीला आणखीनच वजन आहे. इस्कॉनच्या संस्थापकांचे गुरू भक्तिसिद्धांत सरस्वती (१८७४–१९३७) यांनी गुरुपरंपरेची जी यादी मान्य केली ती दीक्षेची साखळी नाहीच, शिकवण कुणाकडून कुणाकडे गेली त्याची आहे. त्यात नरोत्तमांनंतर थेट विश्वनाथ चक्रवर्ती येतात, दीक्षेने मोजलं तर मध्ये गंगानारायण, कृष्णचरण, राधारमण अशी माणसं आहेत. भक्तिसिद्धांतांचे वडील भक्तिविनोद ठाकूर (१८३८–१९१४) यादीत जगन्नाथदास बाबाजींच्या खाली आहेत, त्यांची दीक्षा बिपिनबिहारी गोस्वामींची, ते यादीत नाहीतच. बंगालातल्या आणि वृंदावनातल्या जुन्या गोस्वामी घराण्यांना हे आजही पटत नाही, त्यांच्या मते मंत्र हातातून हातात आला नाही तर परंपरा तुटली. त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, कारण शिकवण कुणाची घेतली हे कुणीही नंतर सांगू शकतो, दीक्षेला निदान साक्षीदार असतात. पण नुसत्या मंत्रावर घराणी चालवल्यावर गुरुपणाचं काय होतं तेही बंगालने बघितलं, भक्तिसिद्धांतांचा राग त्यावरच होता.

आणि इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद घ्या. १९२२ मध्ये कोलकात्यात भक्तिसिद्धांतांची पहिली भेट झाली, तेव्हाच त्यांना सांगितलं गेलं की हे इंग्रजीतून जगात सांगा. दीक्षा झाली त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी अलाहाबादला. संन्यास १९५९ मध्ये मथुरेत, तोही गुरूंकडून नाही, गुरू तर १९३७ लाच गेलेले, एका गुरुबंधूंकडून. आणि १९६५ मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी बोटीने अमेरिकेला गेले ते कशाच्या जोरावर, तर त्या पहिल्या भेटीतल्या वाक्याच्या. म्हणजे सगळं आयुष्य ज्या आज्ञेवर उभं राहिलं ती दीक्षेच्या आधीची.

म्हणून तुमचे प्रभुजी तुमचे शिक्षागुरूच आहेत, ते 'नुसते काउन्सेलर' वगैरे समजू नका. दीक्षेची घाई मात्र करू नका. तिथे नियमच असा आहे की किमान वर्षभर रोज १६ माळा जप आणि चार नियम (मांसाहार, नशा, जुगार, अवैध संबंध वर्ज्य) पाळल्याशिवाय दीक्षा नाही, आणि तो काळ महाराजांना पारखण्यासाठीही आहे, फक्त तुम्हाला पारखण्यासाठी नाही. लांबून बघितलंय म्हणता, मग जवळून बघा, प्रश्न विचारा, उत्तर काय येतं आणि कसं येतं ते बघा. सोबतच्या सगळ्यांची दीक्षा झाली, आता आपणच राहिलो, हे काय कारण झालं का?

माळेचं म्हणाल तर गावच्या महाराजांना स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. माळ घालताना त्यांनी एकादशी, वारी, अभक्ष्य वर्ज्य एवढं व्रत दिलं की मंत्र देऊन शिष्य केलं, हे तेच सांगू शकतील. नुसतं व्रत असेल तर ते मोडत कुठे नाही. घरच्यांना तुकोबांचं सांगा. त्यांना बाबाजींनी 'रामकृष्णहरि' मंत्र दिला तो स्वप्नात, आणि शिकले ते संतांची वचनं पाठ करून, हे दोन्ही त्यांनी स्वतःच सांगितलंय. (बाबाजींच्या वर राघवचैतन्य, केशवचैतन्य ही नावं येतात म्हणून काहीजण थेट बंगालच्या चैतन्यांशी धागा जोडतात. नाव सारखं, एवढाच पुरावा, त्यात पडू नका.)

प्रश्न : या परंपरेत बाईला दीक्षा देता येते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिलेली आहे. महाप्रभूंचे सहकारी नित्यानंद, त्यांच्या पत्नी जाह्नवादेवींनी दिली, त्यांचे सावत्र चिरंजीव वीरचंद्र त्यांचेच शिष्य. श्रीनिवासांची मुलगी हेमलता, पुरीच्या गंगामाता, यांचेही शिष्य होते. आज काही ठिकाणी यावर जोरदार भांडण चालतं, ते इतिहासावरून नाही हे नक्की.

प्रश्न : गौडीय लोक पंढरपूरला का येतात? त्यांचा विठ्ठलाशी काय संबंध?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चरितामृतात आहे. चैतन्य महाप्रभू दक्षिण यात्रेत कोल्हापूरवरून पंढरपूरला आले, विठ्ठलासमोर नाचले. तिथे एका ब्राह्मणाच्या घरी श्रीरंगपुरी उतरलेत असं कळलं. हे माधवेंद्रपुरींचे शिष्य, म्हणजे महाप्रभूंना गयेला दीक्षा देणाऱ्या ईश्वरपुरींचे गुरुबंधू, तेव्हा महाप्रभूंनी त्यांनाही गुरूच्याच जागी मानून दंडवत घातला. पाच-सात दिवस दोघं बोलत बसले. रंगपुरींनी सांगितलं की आपण पूर्वी नवद्वीपला जगन्नाथ मिश्रांच्या घरी जेवलो होतो, केळफुलाची भाजी काय अप्रतिम होती, आणि त्यांचा थोरला मुलगा संन्यासी होऊन शंकरारण्य झाला, त्याने याच पंढरपुरात देह ठेवला. महाप्रभू म्हणाले, ते माझे भाऊ.