संडे स्कूलच्या लहान मुलांकडून रद्दी कागदाची रोझरी (कॅथलिक जपमाळ) करून घेता येईल का?

होय, परंतु पूर्ण रोझरीच्या ५९ मण्यांचा घाट न घालता ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे १० मणी, प्रभूच्या प्रार्थनेचा १ आणि शेवटी क्रूस अशी एका दशकाचीच (रोझरीच्या एका भागाचीच) माळ करावी, त्यापुढे मुलांचा धीर सुटतो. मासिकाच्या गुळगुळीत पानाच्या, पायाशी २ सेंमी रुंद आणि पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या लांब पट्ट्या रुंद बाजूकडून रिकाम्या रिफिलवर घट्ट गुंडाळाव्यात आणि फेविकॉल केवळ टोकाकडे लावावा, अन्यथा मणी रिफिललाच चिकटून बसतो. प्रभूच्या प्रार्थनेसाठी पट्टी ३ सेंमी रुंद घेतल्यास तो मणी बोटांना वेगळा जाणवतो (वर्तमानपत्र मात्र टाळावे, शाई हाताला लागते). वॉर्निश मोठ्यांनीच द्यावे, आणि ते दिल्यावरही माळ भिजू देऊ नये.