मायक्रोस्कोप आधी कपाटातून बाहेर काढा

ताई, पत्र वाचलं. तुम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहता, मुलगा अकरावीला बी ग्रुपमध्ये (म्हणजे बायोलॉजीवाला), क्लासच्या नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या सराव टेस्टमध्ये बायोलॉजीत ३६० पैकी २१५ आले आणि "लक्ष भलतीकडे असतं" म्हणून मिस्टरांनी त्याचा मायक्रोस्कोप परीक्षा होईपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवलाय. पाठांतर कसं वाढवू, असं तुम्ही विचारताय.

मला मार्कांची काळजी नाही वाटली, त्या कुलपाची वाटली. दोन पानं लिहिलीत, मिस्टर काय म्हणतात, सर काय म्हणतात, आत्या काय म्हणते सगळं आलं, मुलगा मात्र एकाच ओळीत, तोही तक्रार म्हणून. रेड ब्लड सेलमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला एनर्जी बनवून देणारे भाग, नसतात तर तिला एनर्जी कुठून मिळते असं त्याने क्लासमध्ये विचारलं आणि सर म्हणाले पेपरात येत नाही, पुढे चला. अहो, हा प्रश्न भलतीकडचा कसा? सेलच्या चॅप्टरचा गाभाच आहे तो! ती पेशी ग्लुकोज सायटोप्लाझममध्येच, म्हणजे पेशीतल्या द्रवातच तोडते, ऑक्सिजन न वापरता, एनर्जी थोडीच मिळते पण तिचं तेवढ्यात भागतं, आणि जो ऑक्सिजन दुसऱ्यांना पोचवायचाय तो ती स्वतः वाटेत संपवत नाही. न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रकही काढून टाकलेलं असतं, हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून, त्यामुळे मोडतोड झाली की दुरुस्ती नाही, साधारण १२० दिवसांत संपते. आज जेवताना त्याला हे सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

बायोलॉजी म्हणजे घोकंपट्टी हा समज मात्र सोडाच. मायटोकॉन्ड्रियाला दोन मेंब्रेन, स्वतःचा गोल डीएनए, स्वतःचे रायबोसोम (प्रोटीन बनवणारी यंत्रं), हे क्लासमध्ये तीन सुटे पॉइंट म्हणून पाठ करून घेतात आणि टेस्टमध्ये तिन्हींचा गोंधळ होतो. पण फार फार पूर्वी तो एक स्वतंत्र बॅक्टेरिया होता, दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला, ही जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ च्या पेपरात मांडलेली गोष्ट एकदा कळली की तिन्ही आपोआप लक्षात राहतात. तसंच बॅक्टेरियाचा रायबोसोम ७०एस म्हणजे लहान आणि आपल्या सायटोप्लाझममधला ८०एस म्हणजे मोठा, अशा फरकांमुळे टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक जंतूंचं प्रोटीन बनवणं थांबवतं आणि आपलं काम चालू राहतं. हा मुलगा "का" विचारतोय म्हणजे त्याला लक्षात ठेवायची खरी वाट सापडलीये, ती बंद करू नका.

मिस्टर बीएस्सीला "नापासांची लाइन" म्हणतात ते वाचून मला खरंच राग आला. बडोद्यातच वाढलेल्या वेंकी रामकृष्णन यांनी इथल्या मेडिकलची ॲडमिशन सोडून एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्स घेतलं, १९७१ ला बीएस्सी झाले आणि २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल दोघांबरोबर वाटून मिळालं ते याच रायबोसोमच्या रचनेसाठी. तुमच्या मुलाने नोबेल आणावं म्हणून नाही सांगत, मिस्टरांनी तो शब्द मुलासमोर परत काढू नये म्हणून सांगतेय.

नीटची परीक्षा देऊ दे की, सोबत आयसर आणि नायसर या सायन्सच्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा, म्हणजे आयएटी आणि नेस्ट, आणि फार्मसीसाठी गुजरातची गुजकेट, एवढं पुरे.

रविवारी मायक्रोस्कोप बाहेर काढा, कांद्याची पातळ साल, आयोडीनचा एक थेंब, आणि आधी मिस्टरांना बघायला बसवा, न्यूक्लियस कुठे ते मुलगा दाखवेल. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, त्याला डॉक्टर व्हायचंय की नाही हे मला अजून कळलेलंच नाही.