एका सीलपायी लाइन थांबते, मग स्टॉक किती ठेवायचा?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, चाकणच्या एका कंपनीला पंपाच्या असेंब्ल्या देतो. त्यातलं एक रबर सील युरोपातून येतं. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून ते कधी येईल याचा भरवसाच राहिला नाही. एकदा तर आमच्यामुळे त्या कंपनीची लाइन थांबली आणि नुकसानीची रक्कम आमच्या बिलातून कापणारी डेबिट नोट आली. मुलगा म्हणतो सगळ्याच मालाचा तीन महिन्यांचा स्टॉक करू. मोठ्या कंपन्या काय करतात?

उत्तर: दादा, सगळ्या मालाचा स्टॉक अजिबात करू नका. पैसा रॅकवर जाऊन बसतो आणि पगाराच्या तारखेला बँकेकडे धावावं लागतं, हे मी परचेसमध्ये असताना चांगल्या चांगल्या युनिट्सचं झालेलं बघितलंय.

टोयोटाचं बघा, कमीत कमी स्टॉकवर चालणारी म्हणून जगभर नाव असलेली कंपनी. 11 मार्च 2011 ला जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, रेनेसास या चिपवाल्या कंपनीचा नाका इथला कारखाना बंद पडला, आणि मग टोयोटाला कळलं की आपल्या सप्लायरचा सप्लायर कोण हेच आपल्याला नीट माहीत नाही. त्यांनी खालपर्यंत जाऊन शोधलं की कुठला पार्ट एकाच ठिकाणी बनतो, आणि चिपचा 2 ते 6 महिन्यांचा साठा सप्लायरांना ठेवायला लावला, बाकी पद्धत तीच ठेवली. म्हणून 2021 मध्ये चिपअभावी इतरांच्या लाइनी थांबत होत्या तेव्हा टोयोटा बरेच महिने टिकली. पण शेवटी सप्टेंबर 2021 चं उत्पादन प्लॅनपेक्षा 40 टक्के कमी करायची वेळ त्यांच्यावरही आलीच, कारण आग्नेय आशियात कोविडमुळे सप्लायरांचंच काम अडलं होतं. म्हणजे स्टॉकने फक्त वेळ मिळतो, आणि त्या वेळात दुसरा सोर्स उभा करायचा असतो!

तुमचं अडतंय ते सीलवर, नटबोल्टवर नाही. जहाजांनी लाल समुद्र-सुएझ कालव्याचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला की साधारण 10 ते 14 दिवस वाढतात, तेवढे दिवस अधिक न्हावा शेवा बंदरात माल सुटायला लागणारा वेळ धरून फक्त सीलचा साठा वाढवा. सील हलकं असतं, अगदीच अडलं तर थोडा लॉट विमानाने मागवा, भाडं बोचेल पण डेबिट नोटपेक्षा परवडतं. आणि पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवू नका हो, उष्णतेने रबर कडक होतं, क्युअर डेट (रबर पक्कं केल्याची तारीख) बघून जुनं आधी वापरा.

खरं काम मात्र दुसरंच आहे. इथला एखादा सील बनवणारा शोधा, सॅम्पल घ्या, कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांना आत्ताच भेटा. टेस्टिंग आणि पीपॅपमध्ये (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची प्रक्रिया) महिने जातात, आणि लाइन थांबल्यावर गेलात तर तुमचं ऐकून घ्यायला तिथे कुणालाच वेळ नसेल. जाताना पुढच्या तीन महिन्यांचं शेड्युल लेखी मागून घ्या.