'इलेक्टोरली' कुठे बसतं, कुठे नाही

इंग्रजी बातमी लिहिताना 'इलेक्टोरली' तिथेच घाला, जिथे हिशोब मतांचा, मतदारांचा किंवा जागांचा आहे. बाकी राजकारणाला 'पॉलिटिकली' आहेच. विदर्भ राज्याची मागणी 'पॉलिटिकली' जिवंत आहे, पण 'इलेक्टोरली' कमजोर, असं लिहिलं की फरक कळतो: चर्चा भरपूर, त्यावर निवडून येणारे थोडे.

शब्द बहुधा विशेषणाआधी येतो: 'इलेक्टोरली इम्पॉर्टंट', 'इलेक्टोरली रिस्की'. वाक्याच्या सुरुवातीला आला तर पुढे स्वल्पविराम द्या. उच्चारात जोर 'लेक्'वर.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे 'ही वॉज इलेक्टेड इलेक्टोरली'. निवडून येणं निवडणुकीतूनच ना! नुसतं 'इलेक्टेड' पुरे. 'इलेक्टिव्हली' तर वेगळंच, ते 'ऐच्छिकपणे', तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेसारख्या गोष्टींसाठी.

मराठीत आणताना 'निवडणूकदृष्ट्या' शक्यतो टाळा, जड वाटतं. 'नागपूर लोकसभेतल्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी उत्तर नागपूर मतांच्या हिशोबाने महत्त्वाचं' हे सरळ वाचलं जातं. आणि महत्त्वाचं का, ते पुढच्याच वाक्यात सांगा; नाहीतर संपादक तो शब्द कापेल, आणि बरोबरच करेल.